वर्दाचं लांब वाक्य

नोव्हाय, मिशिगन
रविवार, ४ मे २०२५

प्रिय मृणाल,

शेजारच्या वर्दाचं एक वाक्य मी हॉस्पिटलमध्ये तिच्या फादीला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं सहा आठवडे माझ्याजवळ आहे. येत्या शुक्रवारी वर्दा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आहे, आणि तिथे उभं राहून फादी ते अर्धं वाक्य सगळ्या चर्चला सांगणार आहे. काल मला विचारायला आला होता, शब्द बरोबर आहेत ना म्हणून. मी हो म्हणाले. तो गेल्यावर मी हे पत्र लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं, पण मी अडखळले की तू लगेच 'इट्स ओके, आई' म्हणतेस, आणि मग पुढचं माझ्याकडून होत नाही. तेव्हा मध्ये न बोलता शेवटपर्यंत वाच.

मार्चमध्ये वेदच्या वाढदिवसाला मी दहा दिवस तुमच्याकडे मॉरिसव्हिलला होते. मी इथून निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी वर्दाला स्ट्रोक झाला. फादीने मला कळवलं नाही. मावशी नातवाकडे गेली आहे, तिला कशाला त्रास, असा त्याचा हिशेब. बालवाडीत असताना तू त्याला 'मावशी' म्हणायला शिकवलंस, तेवढा एकच मराठी शब्द त्याला येतो आणि बेचाळिसाव्या वर्षीही त्याने तो सोडलेला नाही. मी मंगळवारी परत आले. बुधवारी सकाळी शेजारच्या दारापुढे चार वर्तमानपत्रं बर्फाच्या चिखलात पडलेली बघून फादीला फोन लावला. तो म्हणाला, मावशी, मॉम इज नॉट देअर एनीमोर. मला वाटलं गेली. तो म्हणाला, गेली नाही, पण डोकं गेलं. नुसते आवाज काढते. शुक्रवारी डॉक्टरांशी मीटिंग होती. अन्नासाठी पोटात नळी घालायची की काहीच न करता शांतपणे जाऊ द्यायचं, यावर त्याला सही करायची होती. काहीच न करण्याकडे त्याचं मन झुकलं होतं. डॉक्टरांचंही.

मी डब्यात मऊ भात घेऊन गेले. दारात नर्स म्हणाली, त्या दिवसभर बडबडतात, मनावर घेऊ नका. मी आत गेले. वर्दाने माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट आवाजात, जीभ थोडी जड, पण एकेक शब्द जागच्या जागी, मला विचारलं, सुवर्णा, कुठे मेली होतीस. दहा दिवस मी या लोकांना सांगते आहे की डावा खांदा दुखतो, त्या कुशीवर निजवू नका, आणि ही माणसं पुन्हा पुन्हा त्याच कुशीवर निजवतात. भाकरी कोणी देत नाही. आणि त्या खोक्यातली बाई बहिरी आहे.

मृणाल, हातातला डबा कुठे ठेवावा ते मला सुचेना. बाई संपूर्ण शुद्धीवर होती. तिला वार माहीत होता, नातीची परीक्षा कधी आहे ते माहीत होतं, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे हेही माहीत होतं. फक्त तिची इंग्रजी गेली होती. अरबीही गेली होती, जी ती लग्नानंतर बगदादला शिकली. राहिली होती ती लहानपणची सुरेथ, तिच्या गावाची भाषा, आणि माझ्याखेरीज त्या इमारतीत ती कोणाला येत नव्हती. तिच्या मुलालासुद्धा. फॉर्मवर फादीने 'अरबी' लिहिलं होतं. खोक्यातली बाई म्हणजे फोनवरची अरबी दुभाषी. ती बिचारी दहा दिवस प्रामाणिकपणे सांगत होती की शब्द ओळखीचे वाटतात, वाक्य लागत नाही. फाइलमध्ये त्याचं झालं, 'रुग्णाचं बोलणं असंबद्ध'. रोज, तारीख आणि वेळ घालून. तू मला ओळखतेस. काउंटीच्या दस्त नोंदणी कचेरीत मी सव्वीस वर्षं काढली. कागदावर शिक्का बसला की गोष्ट खरी, या धर्माने मी जगले. त्या सकाळी मी ती फाइल वाचली आणि पहिल्यांदा मला कागदाची भीती वाटली.

फादीला मी चांगलंच झापलं. अरबी का लिहिलंस? तो म्हणाला, मावशी, लिस्टमध्ये दुसरं काही नव्हतं. आणि मी लहानपणापासून अरबीच सांगतो, यू नो? अरामाइक म्हटलं की लोकांना पंधरा मिनिटं लेक्चर द्यावं लागतं. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात माझ्या नावापुढे 'हिंदी' लिहिलेलं होतं. अकरा वर्षं. काउंटरवरच्या मुलीला मराठी समजावून सांगण्याचा मला कंटाळा आला होता.

शुक्रवारी फादीने सही केली नाही. त्यानंतर वर्दा नऊ दिवस जगली. चहात भिजवलेली भाकरी खाल्ली, उजव्या कुशीवर झोपली, नर्सच्या केसांच्या रंगावर शेरे मारले, जे मी नर्सला सांगितले नाहीत. ते गाळलेलं मला टोचत नाही. मी सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तिच्या आणि फादीच्या मध्ये खुर्ची टाकून बसत होते. बेचाळीस वर्षांचा माणूस आईशी पहिल्यांदाच तिच्या भाषेत बोलत होता, तेही माझ्या तोंडून.

मला ही भाषा कशी येते, हे तू कधी विचारलं नाहीस. आईची मैत्रीण आहे, दोघी स्वयंपाकघरात काहीतरी बोलतात, एवढंच तुला दिसत होतं. तेव्हा हेही सांगते. १९७५ साली नागपूरला एम.ए.च्या परीक्षेत मला दहा गुणांचा प्रश्न होता, अशोकाचे अरामाइक शिलालेख. तक्षशिला आणि कंदाहार. मला त्यात आठ मिळाले होते. मी लिहिलं होतं की दमास्कसच्या बाजूला अरामी लोकांची छोटी छोटी राज्यं होती, अश्शूरच्या राजांनी ती जिंकली, आणि बंड होऊ नये म्हणून माणसं उचलून साम्राज्यभर विखरून टाकली. ती गेली तिथे त्यांची भाषा गेली. हरलेल्यांची भाषा जिंकलेल्यांच्या कचेरीत शिरली, कारण मातीच्या विटांवर खिळे ठोकल्यासारखी अक्षरं उमटवण्यापेक्षा चामड्यावर बावीस अक्षरांत लिहिणं सोपं होतं. पुढे इराणच्या बादशहांनी तीच उचलली आणि नाईलपासून सिंधूपर्यंत कारभार तिच्यात चालला. म्हणून अशोकालाही आपल्या वायव्येच्या प्रजेशी तिच्यात बोलावं लागलं. शेवटी मी ऐटीत लिहिलं होतं, 'कालांतराने ही भाषा मृत झाली.' परीक्षकांनी त्याखाली लाल रेघ मारली नाही. आणि १९८४ पासून मी त्या मृत भाषेतल्या बाईकडून वाटीभर साखर आणत होते.

मला कळलं ते १९९१ मध्ये, फादीच्या चर्चमधल्या समारंभात. जेवताना त्यांचे पाद्री माझ्या शेजारी बसले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ही प्रार्थनेची भाषा कुठली? ते म्हणाले, जुनी अरामाइक. मी म्हटलं, आणि वर्दा घरी बोलते ती? ते म्हणाले, तिचीच लेक म्हणा. या भाषेला तीन हजार वर्षं झाली, आणि आता ती डेट्रॉइटच्या किराणा दुकानांत राहते. ते हसले. माझा घास घशात अडकला. तुझे बाबा पाठीवर थोपटत होते, त्यांना वाटलं ठसका लागला.

त्यानंतर मी वही केली. ऐकलं तसं देवनागरीत लिहीत गेले, कारण मला दुसरी कुठली लिपी तिच्या आवाजांच्या इतकी जवळ वाटली नाही. पहिल्या पानावर पहिला शब्द लख्मा, म्हणजे भाकरी. वर्दाला वाटलं मला वेड लागलं. तिची सासू वारली तसं त्या घरात सुरेथ बोलायला तिला कोणी उरलं नव्हतं, नवरा दिवसभर दुकानात आणि गिऱ्हाइकांशी इंग्रजी बोलून थकलेला. तोही गेल्यावर दुपारचे चार वाजले की ती माझ्याकडे यायची, चहा घ्यायची आणि तासभर मनसोक्त बोलायची. मी लायब्ररीतून पुस्तकं आणून तिला तिचाच इतिहास सांगायचे. एकदा नाईलमधल्या एका बेटावर सापडलेल्या अरामाइक कागदांचं सांगितलं. तिथल्या एका बाईच्या लग्नाच्या करारात तिच्या वस्तूंची यादी होती, लोकरीचं वस्त्र, काशाचा आरसा, पेले, आणि लिहिलं होतं की नवऱ्याला सोडून गेली तर आणलेलं सगळं, काडीपासून दोऱ्यापर्यंत, घेऊन जाईल. वर्दाने चहा खाली ठेवला आणि म्हणाली, बघ, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईची यादी आहे. माझी यादी कोणी केली? गाव सोडलं तेव्हा मी एक लाटणं आणलं, तेही तू नेलंस. लाटणं मी नेलं होतं हे खरं. अजून माझ्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट तिला फार आवडायची. इराणचा बादशहा आपल्या भाषेत सांगायचा, लेखनिक ते अरामाइकमध्ये लिहायचा, दूरच्या प्रांतात दुसरा लेखनिक ते उघडून तिथल्या लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा. राजाला लिहिलेलं कळत नाही, प्रजेलाही कळत नाही. वर्दा म्हणाली, म्हणजे खरं राज्य लेखनिकांचं. मग म्हणाली, आणि एखाद्याने मधलंच गाळलं तर? मी म्हटलं, तर कोणाला कळणार? आम्ही दोघी त्यावर खूप हसलो होतो.

आता हॉस्पिटल. २३ मार्च, रविवार, दुपार. फादीने आईचा हात धरून मला सांगितलं, मावशी, तिला विचार, तिने मला हे का नाही शिकवलं. आय ॲम नॉट अँग्री, तो म्हणाला. जस्ट आस्क हर. मी विचारलं. वर्दा जड जिभेने एक लांबच लांब वाक्य बोलली, त्याच्याकडे बघत, मध्ये मध्ये 'ब्रोनी' म्हणत. ब्रोनी म्हणजे माझ्या लेका. ती थांबल्यावर मी फादीला सांगितलं, तुझी आई म्हणते, दुपारी तू झोपलास की ती तुझ्या उशाशी बसून तुझ्याशी सुरेथमध्ये बोलायची. रोज. तो ढसाढसा रडला. वर्दा त्याच्याकडे बघत होती. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, मी एवढं बोलले, तू एवढंसंच सांगितलंस. फादीने डोळे पुसत विचारलं, व्हॉट डिड शी से? मी म्हटलं, पाणी मागते आहे. आणि तिला तहान नसताना मी तिच्या तोंडाला पेला लावला. तिने तो घेतला, मृणाल. माझ्याकडे बघत दोन घोट प्याली. पुढच्या रविवारी दुसरा स्ट्रोक आला.

तिचं वाक्य असं होतं: 'दुपारी तू झोपलास की मी तुझ्याशी बोलायचे, जागेपणी नाही, कारण शाळेच्या कागदावर सुवर्णाने लिहिलं होतं की आमच्या घरात इंग्रजी बोलतात, आणि खाली मी सही केली होती.'

तो कागद माझ्या फाइलमध्ये आहे. कार्बन प्रत, सप्टेंबर १९८८. तुम्ही दोघं पाच वर्षांचे. शाळेने घरोघरी फॉर्म पाठवला होता, घरात कोणती भाषा बोलता. वर्दा तो घेऊन माझ्याकडे आली, कारण मी शिकलेली आणि कागदांचं मला कळतं. दुसरी भाषा लिहिली तर मुलाला वेगळ्या वर्गात बसवतील, मागे पडेल, असं मीच ठरवलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी 'इंग्रजी' लिहिलं, तिची सही घेतली आणि तिला बजावलं की आता लिहिलं आहे तसं वाग, कागद खोटा पडता कामा नये. तुझ्या फॉर्मवरही मी तेच लिहिलं. पण तुला घरी येताच मराठीत बोलायला लावत राहिले, रविवारी सकाळी बाराखडी गिरवून घेत राहिले. आपली ती भाषा, तिच्यात ग्रंथ आहेत, आणि वर्दाची कुठल्याशा खेड्यातली बोली. हे मी तेव्हा मनात इतक्या सरळपणे म्हटलं होतं की त्यात काही वावगं आहे असंही वाटलं नाही. मी स्वतःला सूट दिली आणि ती बाई आपल्या सहीला जागली. झोपलेल्या मुलाशी बोलणं तिच्या मते नियमात बसत होतं. १९९१ मध्ये मला कळलं तेव्हा फादी आठ वर्षांचा होता. तेव्हाही जाऊन म्हणता आलं असतं, वर्दा, मी चुकले, बोल त्याच्याशी. मी चूक दुरुस्त केली नाही, तिची वही केली. कागदाच्या बाबतीत सुवर्णा कधी चुकत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. ते मला सोडवेना.

उद्या सकाळी दहाला फादीला बोलावलं आहे. त्याच्या शुक्रवारच्या आधी त्याला पूर्ण वाक्य मिळालं पाहिजे. मग ते त्याने चर्चमध्ये सांगावं, न सांगावं, मला पुन्हा मावशी म्हणावं, न म्हणावं. तुला आज लिहिते आहे त्याचं कारण वेगळं आहे. मार्चमध्ये तुझ्या स्वयंपाकघरात मी वेदचे कपडे घडी करत होते आणि तू त्याच्या शाळेचा फॉर्म घेऊन आलीस. म्हणालीस, तो उशिरा बोलायला लागला, विवेकला वाटतं एकच भाषा ठेवू, आई, घरची भाषा काय लिहू? मी मान वर न करता म्हटलं, इंग्रजी लिहून टाक, आणि आता घरीही तेच ठेवा. तो दिवस १२ मार्च. इथे वर्दा तीन दिवसांपासून डाव्या कुशीवर पडून भाकरी मागत होती. सदतीस वर्षांत मी काही शिकले नव्हते. ते उत्तर मी परत घेते. फॉर्म दिला नसलास तर बदल, दिला असलास तर शाळेत जाऊन बदलून घे. तशी सोय असते, मी चौकशी केली आहे. वेदशी मराठीत बोल, तो जागा असताना. आणि माझ्या दवाखान्यातला 'हिंदी' मी परवा खोडून आले. उद्या माझी इंग्रजी गेली तर त्या फोनवर कोणाला बोलवायचं ते आता तिथे लिहिलेलं आहे. तुझा नंबरही.

हे पाकीट उद्या फादी येऊन गेल्यावर, खाली नोंद करूनच बंद करीन.

तुझीच,
आई

सोपवल्याची नोंद

सोमवार, ५ मे २०२५. सकाळी दहा ते पावणेबारा. माझं स्वयंपाकघर.
देणार: सुवर्णा वैरागडे. घेणार: फादी, वर्दाचा मुलगा.

१. वह्या, तीन. भाषा सुरेथ, अक्षरं देवनागरी. शेवटची नोंद २९ मार्च. त्याला वाचता येत नाहीत, म्हणून पहिली माझ्याकडे परत ठेवली. मंगळवारपासून रोज चार वाजता येऊन ऐकणार.
२. शाळेचा फॉर्म, सप्टेंबर १९८८, कार्बन प्रत, एक. अक्षर माझं, सही वर्दाची. त्याने सहीवरून बोट फिरवलं.
३. लाटणं, एक. लांब, पातळ, एका टोकाला चीर.
४. वर्दाचं वाक्य, एक. पूर्ण, इंग्रजीत. ऐकून तो उठून मागच्या अंगणात गेला. वीस मिनिटांनी आत आला. सही केली.
५. तेच वाक्य, सुरेथमध्ये, तोंडी. त्याने मागून घेतलं. तीनदा म्हणून दाखवलं, तिसऱ्यांदा बरोबर. याची सही घेतली नाही.